शेरा

उदगीरला, तहसीलच्या मागं,
पाणी तपासायची आमची शाळा. दोन खोल्या, एक कुलर,
मार्चपासून बंद पडलेलं एक यंत्र.
दारावर लिहिलंय: चप्पल बाहेर काढावी.
धुळीसाठी लिहिलंय ते.
पण लोक अनवाणी आत येतात
आणि नकळत हात जोडतात,
मला!
बी.ए. तर्कशास्त्र, अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या,
उसना पांढरा कोट घातलेल्या मला.

हाळीकर सर आले ते चपलेसकट.
त्यांच्या वर्गात आम्ही तिघंच असायचो,
त्यातला एक पंख्याखाली बसायला यायचा.
सोबत केवळाबाई,
शीतपेयाच्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन.
"ह्या पाण्यात डाळ शिजंना गेली, बाबा.
दोन वर्सं झाली."
मी म्हणालो, "मावशी, आधी अहवाल येऊ द्या."
सरांनी चष्मा पुसला.
"म्हणजे तोवर डाळ शिजलेली असू शकते?"

मग खुर्ची ओढून बसले.
"हे बघ, मी काही बुवाचा माणूस नाही.
रोज पोटात इन्शुलिन टोचतो,
ज्यानं शोधलं त्याचं भलं चिंततो.
भांडण सुईशी नाही रे.
माझा आजा विहिरीच्या काठावर घागर घेऊन उभा,
आणि वरून एकजण म्हणाला, शास्त्रात नाही.
कुठल्या शास्त्रात, कितव्या पानावर,
हे विचारायची सोय नव्हती.
त्या पोथीतून मला सोडवलं कुणी?
'पुरावा दाखव' म्हणणाऱ्यांनीच ना?
म्हणून तर जीव जळतो
त्यांचीच पोथी व्हायला लागली की.
शास्त्री गेले, शास्त्रज्ञ आले;
आपली मान मात्र
तेवढ्याच कोनात वाकलेली."

मी काहीतरी बोलायचं म्हणून
तक्ता पुढं केला.
कठीणता: इष्ट मर्यादा दोनशे.
दुसरं पाणी उपलब्ध नसल्यास, सहाशे.
सरांचं बोट तिथंच थांबलं.
"दोनशे मोजता येतात. सहाशेही येतात.
पण हे 'नसल्यास'
कुठल्या नळीत घालून मोजलं?"
कुलर घरघरत होता.
केवळाबाई म्हणाली, "दुसरं पाणी कुठंय आमाला?"
जणू प्रश्न तिलाच विचारला होता.
खरं तर तिलाच विचारायला हवा होता.

अकरा दिवसांनी आकडा आला.
पाचशे ऐंशी.
पिण्यास योग्य.
आकड्यात खोट नव्हती, मी स्वतः दोनदा पाहिला.
शेवटचा रकाना शेऱ्याचा;
तो साहेब भरतात, म्हणजे रिकामाच असतो.
त्यात मी लिहिलं:
'डाळ शिजत नाही.'
खाली केवळाबाईची सही.
शाईचा डबा पुढं सरकवला तर म्हणाली,
अंगठा कशाला, येतंय की लिहायला.
आणि पेन घट्ट धरून
एकेक अक्षर कोरत गेली.

कागद लातूरहून परत आला.
शेऱ्याभोवती लाल वर्तुळ,
बाजूला एक शब्द: असंबद्ध.
वर्तुळ मात्र सुरेख होतं,
कर्कटकानं काढल्यासारखं.

त्या दिवशी साहेब फिरतीवर.
मी दाराला कडी लावली,
बंद यंत्राशेजारी दिवा पेटवला,
चंचुपात्रात तिचं उरलेलं पाणी
आणि डब्यातली मूठभर तुरीची डाळ.
सर असते तर म्हणाले असते,
एवढंच तर म्हणत होतो.
किंवा म्हणाले असते,
आणि समजा शिजली, तर?

पावणेदोन तास.
एक दाणा उचलून बोटानं दाबला.
वहीत वेळ लिहिली.
दुसरा दाणा उचलला.